चौथ्या मजल्यावरचं पिवळं पुडकं

दोष शिए साहेबांचाच. शिन्चू शहरातल्या एका कारखान्यात प्रत्येक यंत्रावर खाऊचं हिरवं पुडकं ठेवतात, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवंच, पिवळं कधीच नाही. पण तीस वर्षांच्या अनुभवाचा तोरा मिरवणाऱ्या या म्हाताऱ्याने चौथ्या मजल्यावरच्या नेटवर्क स्विचवरचं, म्हणजे यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या पेटीवरचं, हिरवं पुडकं फस्त केलं आणि त्या जागी पिवळं ठेवलं.

“यंत्राला रंग कळतो होय रे, अर्धशिक्षिता?” कॉलेज सोडलेल्या यू-श्यांगला ते सगळ्यांदेखत म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या स्विचच्या खोलीतला एसी बंद पडला. साहेब बघायला आत गेले आणि लोखंडी दार मागून लागलं. ते त्याच स्विचला लॅपटॉपवरून आज्ञा दिली तरच उघडायचं.

यू-श्यांग दुसऱ्या मजल्यावर लॅपटॉप घेऊन बसला. वरचा स्विच थेट दाद देईना. मग तो आपल्या मजल्यावरच्या, खालच्या स्विचमध्ये शिरला आणि तिथून त्याने वरच्या स्विचवर उडी मारली. पासवर्ड लागला!

“लवकर कर, गाढवा…” फोनवर साहेब धापा टाकत होते. “भट्टी झालीय इथे.”

“शिरलो, साहेब! हे घ्या, उघडलं!”

खट्. आणि लगेच पुन्हा खट्. बंद. त्याने परत उघडलं, परत बंद. त्याची प्रत्येक आज्ञा कुणीतरी तिथल्या तिथे खोडत होतं. स्विचवर कोण कोण आहे ते त्याने पाहिलं. दोघं. एक तो स्वतः. दुसरा थेट स्विचलाच वायर जोडून बसलेला. म्हणजे त्याच खोलीत.

“साहेब, तुमच्यासोबत कोण आहे?”

“कोणी नाही. मी एकटाच…” मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “श्यांग… इथे कीबोर्ड वाजतोय.”

यू-श्यांगच्या स्क्रीनवर एकच शब्द उमटला. हिरवं.

यू-श्यांगने भीतीने गारठायला हवं होतं. त्याचं रक्त मात्र उसळत होतं. खालच्या स्विचवरचं हिरवं पुडकं उचलून तो दोन-दोन पायऱ्या चढत वर धावला आणि त्याने ते दाराखालच्या फटीत सरकवलं. अर्धं आत गेलं. उरलेलं आतून कुणीतरी ओढून घेतलं.

खट्. दार उघडलं.

साहेब पार पलीकडच्या भिंतीशी बेशुद्ध पडले होते. पिवळं पुडकं त्यांच्या छातीवर होतं, न फोडलेलं. हिरवं कुठेच सापडलं नाही.

शिए साहेब वाचले, पण त्यांची उजवी बाजू कायमची लुळी पडली.