चार पॉइंट तीन

बेचाळीस पिशव्या रक्त वाया गेलं होतं, आणि रक्तपेढीत सगळे एकमेकांकडे खाऊ का गिळू अशा नजरेनं बघत होते.

चौकशीबाई सकाळी नऊला पोहोचल्या, तेव्हा त्यांना कोणी बसासुद्धा म्हणालं नाही. त्यांनी आपली आपण खुर्ची ओढून घेतली. मुख्य कार्यालयात येण्याआधी वीस वर्षं त्या कॉम्प्युटर ऑपरेटर होत्या, अगदी माउस नसलेल्या काळापासून. मशीनपेक्षा माणसंच जास्त अडतात, हे त्यांचं तेव्हापासूनचं मत होतं.

"आता चौकशी कसली?" रक्तपेढीचे डॉक्टर खेकसले. "हिनं फ्रिजचं दार उघडं टाकलं. दुपारी पोलिसांत तक्रार देतोय मी."

'ही' म्हणजे दुपारच्या पाळीची तंत्रज्ञ. डोळे रडून लाल झालेले, पण मान ताठ. तिच्या शेजारी, हातभर अंतर राखून, सकाळच्या पाळीचा तंत्रज्ञ उभा होता. तो तिचा सख्खा धाकटा दीर. दोन वर्षांपूर्वी तिनंच डॉक्टरांच्या मिनतवाऱ्या करून त्याला इथं चिकटवला होता.

फ्रिज दोन ते सहा अंशांत राहायला हवा. तापमान टिपणारं यंत्र महिनाभर बंद होतं, म्हणून दर दहा मिनिटांनी माणसानं फ्रिजवरचा आकडा वाचायचा आणि कॉम्प्युटरवर टाइप करायचा. प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल. फाइलवर वेळ कॉम्प्युटर स्वतःच घालायचा. आठ ते दोन दीर, पुढे वहिनी.

"तुम्ही किती वाजता आलात?" चौकशीबाईंनी वहिनीला विचारलं.

"काल अडीच वाजले. मुलीच्या शाळेतून बोलावणं आलं होतं. इथं कोणी नव्हतं. चावी टेबलावर, फ्रिजचं दार बोटभर उघडं आणि तापमान चौदा."

"खोटं!" दीर उसळला. "वहिनी दोनलाच आली. मी चावी तिच्या हातात दिली."

"माझ्या हातात? भाऊजी, डोळ्यांत बघून बोला जरा!"

"नोंदी बघा ना मॅडम. माझ्या पाळीत सगळं ठीक होतं."

नोंदी खरंच बिनचूक होत्या. आठपासून एक पन्नासपर्यंत छत्तीस फाइली. प्रत्येकीत एकच आकडा: ४.३. चौकशीबाईंनी वेळांवरून बोट फिरवलं. दहा मिनिटं, दहा मिनिटं, पुन्हा दहा मिनिटं. दोन-तीन सेकंदांपलीकडे फरक नाही.

"शिस्तीचे दिसता," त्या म्हणाल्या. "सहा तासांत एकदाही लघवीला गेला नाहीत?"

"कामात हयगय करत नाही मी."

"मध्ये फ्रिज कोणी उघडला होता?"

"अकराला ऑपरेशनच्या सिस्टर आल्या. मी समोर उभं राहून सहा पिशव्या मोजून दिल्या. गट जुळवायला वेळ लागला, पाच-सात मिनिटं दार उघडंच होतं. विचारा त्यांना."

"विचारलं. त्याही तेच म्हणाल्या. दार ढकललं, पण लागलं का ते पाहिलं नाही, असंही म्हणाल्या. मग तापमान चढलं असेल?"

"चढतंच. सात, आठ. नंतर उतरतं."

"आणि तुम्ही काय टाइप केलंत?"

"जे दिसलं ते."

चौकशीबाईंनी अकरा दहाची फाइल उघडून स्क्रीन त्याच्याकडे वळवला. ४.३.

डॉक्टर चष्मा लावून पुढे वाकले.

"हे हातानं लिहिलेलंच नाही," चौकशीबाई म्हणाल्या. "यानं सकाळी एक बॅच फाइल बनवली, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी. तिच्यात लूप घातला: आकडा लिही, दहा मिनिटं थांब, असं छत्तीस वेळा कर. आकडे खरे वाटावेत म्हणून चार पॉइंटच्या पुढचा अंक कुठलाही घे, असं सांगितलं."

"पण अंक तर एकच आहे," डॉक्टर म्हणाले.

"तिथंच घात झाला. बघा."

त्यांनी काळ्या खिडकीत तो एकटा हुकूम तीनदा चालवला. ४.१ आलं, मग ४.८, मग ४.०.

"यानंही असंच करून पाहिलं असणार आणि खूश झाला असणार. आता तोच हुकूम लूपमध्ये घालते."

पाच-पाच सेकंदांनी पाच ओळी उमटल्या. ४.६, ४.६, ४.६, ४.६, ४.६.

"लूपच्या कंसातलं सगळं कॉम्प्युटर सुरुवातीलाच एकदा वाचून घेतो. 'कुठलाही अंक' तेव्हाच ठरतो, मग प्रत्येक फेरीला तोच. माझ्या पहिल्या नोकरीत मी हीच माती खाल्ली होती." त्या दिराकडे वळल्या. "सिस्टर गेल्या आणि पाठोपाठ तूही गेलास. दार लागलं नव्हतं. बॅच फाइल काल संध्याकाळी पुसलीस, पण या नोंदी पुसवेनात. त्यांच्याच जिवावर वहिनीला अडकवायचं होतं ना! कुठं गेला होतास?"

"समोरच्या लॅबमध्ये," दीर पुटपुटला. "तिथंही पाळी करतो. परत यायला उशीर होणार होता, म्हणून चावी ठेवून गेलो... दार उघडं राहिलंय हे मला माहीतच नव्हतं!"

"काल रात्री तर माहीत होतं," वहिनी म्हणाली. "माझ्याच घरात, माझ्यासमोर जेवायला बसला होतात."

डॉक्टरांनी तक्रारीचा कागद ओढला, तिचं नाव खोडलं आणि दिराचं लिहिलं. तिची माफी मागणं त्यांना सुचलं नाही. चौकशीबाईंनी खाकरून त्यांच्याकडे रोखून पाहिलं, तेव्हा कुठं त्यांनी "चुकलं माझं" म्हटलं, तेही कागदाकडे बघत.

"वहिनी, आईला कळू देऊ नकोस," दीर काकुळतीला आला. "ती हाय खाईल."

"घरी गेल्यावर आईंसमोर तुम्हीच सांगायचं. चावी हातात दिली म्हणालात, तेही सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

घड्याळ बघून वहिनी फ्रिजपाशी गेली, तिनं आकडा वाचला आणि वहीत हातानं लिहिला.

"तर मी सांगेन," ती म्हणाली. "दर दहा मिनिटांनी."