आईच्या टायरचं मधलं टक्कल

या गं, या रे, जवळ सरका. टाळ जरा खाली ठेवा, तुम्हाला एका टायरची गोष्ट सांगते. येणाऱ्या काळातली आहे, पण आईची ओढ तेव्हाही अशीच असणार.

वेदश्रीची आई सुलक्षणा डोंगरापलीकडच्या दवाखान्यात परिचारिका होती. बॅटरीवरची मोटारसायकल, चाळीस किलोमीटर जाणं, तितकंच येणं. रस्ता म्हणजे खडी आणि खड्डे. चार महिन्यांत मागचा टायर गुळगुळीत झाला नि परवा वळणावर गाडी घसरली.

"नवा टायरही असाच गेला, तर तिकडेच खोली घेईन," आई म्हणाली. "रविवारी येत जाईन."

 जुना टायर गडगडवत वेदश्री शेजारच्या तात्यांकडे गेली. तात्यांचा जन्म रबराच्या प्रयोगशाळेत गेलेला. त्यांची खारू नावाची खारीएवढी यंत्रखार टायरवरून सरसर धावली.

"मधली नक्षी संपली. कडेची जवळजवळ नवी," खारू म्हणाली.

"हवा कोण भरतं गं?" तात्यांनी विचारलं.

"मीच, रोज सकाळी. खड्ड्यात चाक वाकू नये म्हणून दगडासारखी टणक."

तात्या हसले. त्यांनी ओट्यावर रांगोळी पसरली, आपल्या गाडीच्या चाकात तशीच टणक हवा भरली आणि गाडी वरून नेली. दोन बोटं रुंद पट्टा उठला. मग हवा मापात आणली. पट्टा तीन बोटं झाला.

"टायर रस्ता धरतो तो घर्षणामुळे (दोन वस्तू घासताना होणाऱ्या अडथळ्यामुळे). दर वेळी रबराचे बारीक कण रस्त्यावर राहतात. टणक टायर फुगून मधेच टेकतो. सगळा भार तेवढ्याच पट्टीवर, मग तीच झिजते."

"मग हवा खूप कमी ठेवू?"

"मग कडा झिजतील, टायर तापेल. वीणेची तार कशी लावतात, बाई? फार ताणली तर तुटते, सैल सोडली तर बोलत नाही."

वेदश्रीने टायरच्या टकलावरून हात फिरवला. "म्हणजे आईला मीच लांब धाडत होते."

"माया होतीच, माप तेवढं नव्हतं. ते शिकता येतं."

तेव्हापासून आई निघण्याआधी, टायर थंड असताना, वेदश्री मापून हवा भरते. चार महिन्यांनी खारूने पाहिलं, तर नव्या टायरची निम्मी नक्षी शिल्लक होती. आईने खोली घेतली नाही. स्वतःची हवा स्वतःच सांभाळणारं चाक वेदश्री आता वहीत काढते आहे.

झीज काही थांबत नाही, लेकरांनो, सावकाश होते इतकंच. दिवेलागणीला देवापुढे हात जोडाल, तेव्हा डोंगर उतरत घरी येणाऱ्या सुलक्षणेची आठवण ठेवा.