उरलेली अर्धी कळशी

खोटं वाटेल त्याने वाचू नये. मला हे गोजाआत्याने सांगितलं, आणि शेवटचं तर मी स्वतः पाहिलं.

साल १९२१. वैशाख. आदल्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता.

गोजाआत्याची आई बजाबाई, म्हणजे माझ्या वडिलांची मावशी, कुंभारीला राहायची. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला. घरी म्हातारे सासरे मायाप्पा आणि पाच वर्षांची गोजा. गोजाला तीन दिवस ताप होता.

त्या दिवशी विहिरीतून एकच कळशी पाणी मिळालं. आणि नेमका तोच दिवस दगडाला पाणी घालायचा!

सोलापूरच्या किल्ल्याजवळ इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा मायाप्पांचे पणजोबा तिथेच पडले. तहानेने तडफडत गेले म्हणतात. किल्ल्याच्या तटाजवळ त्यांच्या आठवणीचा दगड होता. दर वर्षी घरचं पाणी नेऊन भर दुपारी त्यावर ओतायचं, असा रिवाज. यंदा मायाप्पांचे गुडघे धरलेले, म्हणून बजाबाई निघाली.

"सगळं पाणी वत," मायाप्पा म्हणाले. "थेंबबी माघारी आनू नगं."

"का वं मामंजी? पोरीच्या घशाला कोरड पडलीया."

"आपल्या मानसाला दगड हाय. तितं पडलेल्या बाकीच्यांना न्हाय. त्ये पाण्याच्या मागं येत्यात."

बजाबाईने कळशी उचलली. म्हाताऱ्याचा तिला मनातून रागच आला होता.

तीन कोस चालून ती नवी पेठेतून किल्ल्याशी पोचली. तटालगतच्या तळ्यात नुसता चिखल उरला होता. गिरणीचा बाराचा भोंगा झाला. तिने दगडावर पाणी ओतलं.

अर्धंच.

उरलेलं पदराखाली झाकून ती वळली.

कावळे ओरडायचे थांबले...

सोलापूर मागे पडलं, तशी मागून पावलं वाजली.

एक माणूस असेल. मग दोन. मग मोजता येईनात...

तिने मागे पाहिलं. पांढरी वाट. ऊन. कोणी नाही. पण धुरळा उडत होता.

"पाणी..."

अगदी कानाशी.

मग दुसरा आवाज. मग तिला न कळणाऱ्या बोलीतला तिसरा. बोली कुठलीही असो, मागणं एकच होतं.

तिची पाचावर धारण बसली. कळशी उराशी धरून ती पळत सुटली. आणि हातातलं ओझं कमी होत होतं... पदर कोरडा. वाट कोरडी. तरी पाणी घटत होतं.

घरी पोचली तेव्हा तळाशी घोटभर उरलं होतं.

मायाप्पांनी कळशीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आणलंस व्हय? वत त्ये उंबऱ्यावर! बजा, ऐक माजं!"

गोजाचे ओठ फुटले होते. डोळे वर गेले होते.

"माजी लेक मरंल की!" बजाबाई किंचाळली आणि तो घोट तिने गोजाच्या तोंडात ओतला.

दारात कोणीतरी सुस्कारा सोडला. एकाने नाही... पुष्कळांनी.

संध्याकाळी ताप उतरला. बजाबाई रडत रडत हसली. तेव्हा गोजा म्हणाली,

"आई, मला एकटीलाच दिलंस. त्ये समदे बगत हुते."

पुढे गोजाआत्या मोठी झाली, तिला नातवंडं झाली. वैशाखातल्या त्या दिवशी ती घरातली सगळी भांडी भरून उंबऱ्याबाहेर मांडायची. संध्याकाळी ती कोरडी असत. ती म्हणायची, "अजून फिटलं न्हाय."

म्हातारपणी तिने अंथरूण धरलं. वैशाख होता. दुपार होती.

शेवटचं पाणी तोंडात घालायला तिने मलाच जवळ बोलावलं. मी चमचा भरला. ओठांपर्यंत नेला.

चमचा कोरडा...

सांडलं असेल, असं वाटलं. पुन्हा भरला. पुन्हा कोरडा. चादरीवर थेंब नव्हता.

तिसऱ्यांदा भरताना आत्याने माझा हात धरला. तिची नजर माझ्या मागे, दाराकडे होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता त्येंची पाळी हाय."

ती तशीच गेली, कोरड्या तोंडाने.

त्याला बरीच वर्षं झाली. मी अजूनही पाणी पिण्याआधी दाराकडे बघतो.