निळी फुली

फादरांचा निरोप साधाच होता : "भिंतीवर एक डाग आलाय, बघून जा." चुन्याची बादली घेऊन मी सकाळीच गेलो.

ही इमारत मूळची कापडगिरणी. ऐतिहासिक म्हणून पाडायची नाही, आणि चर्च करायचं तर भूकंपात टिकायला हवी. म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोघा भावांनी तिच्या भिंतींत सळया घातल्या. धाकटा हातोडीने विटा ठोकत कान लावायचा. फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजली की आत पोकळ. तिथे तो निळ्या खडूने फुली मारायचा, मग मी भोक पाडून सिमेंट भरायचो. वीस वर्षं मीही ठोकतोय, पण तो फरक मला कधी ऐकूच आला नाही. इंजिनिअरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "कान असावा तर धाकट्यासारखा!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दुपारी त्याची एक फुली मी ओल्या फडक्याने पुसली. म्हटलं, तपासणीत पोकळी सापडू दे, नाक कापलं जाईल बेट्याचं.

"दादा, इथे फुली मारली होती ना मी?"

"नाही रे. भास झाला असेल."

मोठ्या भावाचा शब्द. त्याने पुन्हा ठोकूनही पाहिलं नाही, शिडी तिथेच टेकवली. भिंतीचा तेवढाच भाग ढासळला... त्याच्यावर.

नंतर तिथली वीटन् वीट मी नवी बसवली. आज तिथेच, चुन्यावर, निळी फुली होती. धाकटा तिरकी मारायचाच नाही. एक उभी रेघ, एक आडवी, आणि डावखुरा म्हणून आडवीच्या टोकाला गळासारखा बारीकसा आकडा. दोन बायका तिच्यापुढे गुडघे टेकून बसल्या होत्या.

"तीनदा चुना दिला, तरी वर येतो," फादर हळूच म्हणाले. "लोक म्हणतात, क्रूस उमटलाय..."

खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी पोटात दुखलं. मेल्यावरसुद्धा वाहवा त्याचीच!

मी ती खसाखसा पुसली. वर चुना दिला, तासभर थांबलो. नाही आली. जिंकल्याच्या तोऱ्यात घरी गेलो.

सदरा काढला तशी बायको थबकली.

"अहो... छातीवर हे काय?"

एक उभी रेघ. एक आडवी. टोकाला आकडा. पुसता पुसता कातडी लाल झाली, पण खडू हलेना. शेवटी तिथे बोटाने ठोकून पाहिलं. एकदा... पुन्हा एकदा...

बद्द वाजली. वीस वर्षांत पहिल्यांदाच मला तो फरक कळला.