निळ्या पेन्सिलीतली बाई

चष्मेवाल्यांनी दुकान मुलाच्या हवाली केलं, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, आता हे बायकोला घेऊन चार गावं हिंडतील. पण हे बसले कॉमिक्सची मूळ पानं जमवत. त्यातही अवकाशयानांच्या सिनेमांवरून काढलेलीच. छापलेली नव्हेत, चित्रकाराने जाड कागदावर शाईने काढलेली, कडेला त्याच्या बोटांचे डाग असलेली. बायको त्यांना सवती म्हणायची. नवं पान आलं की म्हणे, "बसवा हिलाही पलंगावर, मी झोपते ओट्यावर."

बंद पडलेल्या एका छापखान्यातली अख्खी गोष्ट रद्दीवाल्याने आणून दिली. लांबच्या ताऱ्याकडे निघालेलं यान, काचेच्या पेट्यांत झोपलेले प्रवासी, शेवटच्या पानावर एक पेटी रिकामी. चष्मेवाले भिंग घेऊन बसले. शाईखाली फिकट निळ्या रेघा होत्या. त्यात नवल नव्हतं. चित्रकार आधी निळ्या पेन्सिलीने आखून घेतात; छपाईच्या कॅमेऱ्याला ती दिसत नाही, म्हणून खोडायच्या फंदात कुणी पडत नाही. पण पानापानावर एक बाई होती आणि तिला शाई केलेलीच नव्हती. पहिल्या पानावर लांब, बोळाच्या टोकाला. पुढच्यावर जरा जवळ, भिंतीला हात टेकून. पायात घरातल्या सपाता. यानात सपाता घालून कोण फिरतं, म्हणून त्यांना हसू आलं.

त्यांनी बायकोला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"माझ्यासारखीच दमलीये बिचारी," ती म्हणाली आणि जाऊन आडवी झाली.

तेव्हापासून झोपेने तिला धरलं. आधी दुपारची लांबली. मग भांडी तशीच राहू लागली. मग हातात घास आणि डोळे मिटलेले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, कशात काही निघालं नाही. वयाचा थकवा म्हणाले. चष्मेवाले स्वयंपाक करत, तिची वेणी घालत, आणि स्वतःच पार गळून जात. सवड मिळाली की पानं उघडत. बाई मागे पाहिली होती तिथे नसे. त्यांनी चष्म्याचा नंबर बदलून पाहिला. पण सारा जन्म लोकांचे डोळे तपासलेल्या माणसाने स्वतःची समजूत घालायची तरी कशी?

एका दुपारी बायको हाका मारूनही उठेना. नुसता श्वास चालू होता.

त्यांनी शेवटचं पान काढलं. तिथली रिकामी पेटी आता रिकामी नव्हती. निळी बाई तिच्यात बसली होती. सपाता खाली काढलेल्या. गुडघ्यांपर्यंत तिला शाई झाली होती.

मूळ चित्राला रबर लावणं म्हणजे आपल्याच घराला काडी लावणं, असं ते इतरांना बजावत आले होते. आता त्यांनीच रबर घेतलं. पानं गेली चुलीत; त्यांना बायको हवी होती.

शाईसुद्धा पेन्सिलीसारखी निघत गेली. पाय गेले. खांदे गेले. चेहरा खोडायला घेतला. मग बोटं बधिर झाली. तरी ते घासत राहिले.

आत पलंग करकरला.

"अहो," तिने हाक मारली. कित्येक दिवसांत आवाज इतका खणखणीत नव्हता.

त्यांनी ओ दिली. डोळे भरून आले.

ती दारात आली. केस विस्कटलेले, गालांवर रंग. तिने खोलीभर नजर फिरवली.

"कुठे गेले हे, सगळा पसारा टाकून?"

"अगं, हा काय इथे बसलोय."

तिने टेबलावरचा रबराचा भुगा तळहाताने गोळा केला. मग ते बसले होते ती खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यावरचा भुगाही झटकला.