मेथीला बंदी

अकोल्याच्या आमच्या दोन खोल्यांत मेथी आणायला बंदी होती. भाजीवाल्याच्या घरात! सासरचं वावर पातूरला, तिथे पालेभाजीच पिकायची. पण नवऱ्याला, चंदनला, आईसोबत अपघातात गेलेल्या एका शेतकरी पोराचं फुप्फुस बसवलं आणि महिन्याभरात त्यात रक्ताची गुठळी अडकली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू होती. पालेभाजी भरपूर खाल्ली की त्या गोळीचा जोर जातो. पुन्हा गुठळी झाली तर चंदन वाचणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मी लॅबमध्ये काम करते. त्याचं रक्त मीच काढायची, मीच तपासायची. रक्त किती पातळ ते सांगणारा आकडा दोन ते तीनच्या मध्ये हवा; खाली गेला की गुठळीचा धोका. एका सोमवारी १.४ आला.

गोळी एकही चुकली नव्हती. मग त्याच्या दातांत हिरवं दिसलं. दिवसभर त्याच्याजवळ एकच माणूस असायचं, सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

"आत्याबाई, तुमी त्याले मेथी चारता."

"माह्या लेकराले मीच मारीन काय वं?"

मला त्यांचं रडणंही नाटक वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांना हिवरखेडच्या गाडीत बसवलं, नणंदेकडे. निघताना त्यांनी चंदनच्या छातीवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. का, ते मी विचारलं नाही.

मी रजा टाकली. त्याला आराम मिळावा म्हणून त्याचा फोन बंद करून कपाटात ठेवला. स्वयंपाक माझा, दाराची कडीही माझ्याच हातात. पुढच्या सोमवारी आकडा १.१.

दुपारी चंदन झोपला होता. तोंड हलत होतं. खोलीत खुडलेल्या मेथीचा वास होता. मी त्याला हलवून उठवलं.

"काय खाऊन राहिला तू?"

"माय चारते."

"आत्याबाई हिवरखेडले हायेत."

"थे नाही. हे दुसरी. म्हणते, लय दिवसाचा उपाशी हायेस."

मी त्याच्या ओठांवर तळहात दाबून धरला.

कुणीतरी माझं एकेक बोट उचलायला लागलं. हळूच. बोटं बाईची होती, थंड, मातीकामानं खरखरीत झालेली.

चंदनला धाप लागली. ओठ निळे पडले.

मी ॲम्ब्युलन्स बोलावली. मग हिवरखेडला फोन लावला.

"आत्याबाई, चुकलं माहं. या तुमी."



"आता काहून बोलावतं? सकाळी चंदनच्याच फोनवरून एका बाईनं सांगतलं ना मले. तुमी नोका येऊ म्हणे, त्याची माय हाय त्याच्यापाशी."