मागची डावी सीट

आईशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. त्या गाडीत मी कधी बसलोच नाही. म्हणजे बसलो, चालवत मीच होतो. पण मागे बसलो नाही, आणि जे झालं ते मागे झालं. आता माझी ख्याती मला ठाऊक आहे. मी सांगितलेला साप दर वेळी हातभर वाढतो, असं सासूबाई म्हणतात. तेव्हा विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. दिवा तेवढा जवळ घ्या.

आमची गरज साधी होती. मुलीला दमा. दुसरीतली पोर, पण धाप लागली की छातीतून गंजक्या बिजागरीसारखा आवाज यायचा, आणि टॅक्सीवाल्यांना नेमकं तेव्हाच भलतीकडे जायचं असायचं. एकदा तर तिचे ओठ निळे पडले तरी आम्ही कोपऱ्यावर हात हलवतच उभे होतो. त्या दिवसापासून बायकोने धोशा लावला. नवी नको, मोठी नको, पण किल्ली फिरवली की सुरू होणारी गाडी दारात हवी.

खिसा बेताचा, म्हणून सेकंडहँड. आणि सेकंडहँड बघायची तर नाडीवाल्याला घेऊनच. हा आमचा गॅरेजवाला. बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटतो, म्हणून हे नाव. त्याने गाड्यांमागून गाड्या नापास केल्या. एकीचा तळ गंजलेला. एक आपटून पुन्हा रंगवलेली. एकीचा मीटर मागे फिरवलेला. "केस काळे करून स्थळ बघायला आलीय ही," तो म्हणाला.

मग ती राखाडी गाडी सापडली. एकाच मालकाची, फारशी न पळालेली. इंजिन चालू आहे की बंद, ते कान लावल्याशिवाय कळू नये. फोनवर मालकाने एवढंच विचारलं, "घरात लहान मूल आहे?"

"मुलगी आहे."

"तिला घेऊन या."

मला वाटलं, माणूस मायाळू दिसतो.

नाडीवाल्याचंही तेच म्हणणं. "रिकामी गाडी खोटं बोलते, दादा. अख्खं घर बसव, चढावर घे. मग बोलेल खरं."

गेलो. दुपार होती, आभाळ मळकट. मालकाच्या दारापुढे गाडी उभी होती, पुसून लख्ख केलेली. नाडीवाला तिच्याभोवती फिरला, वाकला, पुन्हा वाकला.

"मागची डावी बाजू बसलीय."

त्याने हवा तपासली. खाली सरपटत जाऊन स्प्रिंग चाचपली. सगळं ठीक. "मागे काही जड ठेवलंय का?" त्याने मालकाला विचारलं.

"नाही," मालक म्हणाला. मग जरा थांबून, "जड नाही."

चक्कर मारायला मालक काही आला नाही. म्हणाला, "मी त्या गाडीत बसत नाही." नाडीवालाही खालीच थांबला. मी चालवायला, शेजारी बायको, माझ्या मागे सासूबाई, आणि त्यांना चिकटून मुलगी.

"अगं सरक की पलीकडे," सासूबाई म्हणाल्या. "आता काय मांडीवर बसतेस? अख्खी सीट मोकळी पडलीय."

"मोकळी नाहीये, आजी."

"नखरे बघा पोरीचे!"

चढ लागला. गाडी लोण्यासारखी वर चालली होती, आणि मी मनातल्या मनात तिला आमच्या दारात उभी करूनही टाकली होती. तेवढ्यात वास आला. बंद खोलीत आजारी माणूस पडून असलं की येतो तसा, घामाचा आणि औषधाचा, कोंदट. आरशात पाहिलं तर मागची डावी काच आतून धुरकटलेली. बाकी सगळ्या काचा स्वच्छ. तो धूसर डाग बारीक व्हायचा... पुन्हा मोठा व्हायचा...

आणि मग बिजागरी वाजली.

आमच्या घरात तो आवाज आला की कोणी विचारत बसत नाही. सवयच आहे तशी. हात आपोआप पर्सकडे जातो, औषधाचा पंप बाहेर येतो आणि मान न वळवता मागे दिला जातो. बायकोने तेच केलं. पंप मागे धरला. कोणीतरी तो घेतला. फुस्स... फुस्स... आणि एक लांब श्वास, किती दिवस अडवून धरल्यासारखा.

"बरं वाटतंय का, बाळा?" बायकोने विचारलं.

"आई..." मुलगी अगदी हळू बोलली. "मला कुठे धाप लागली होती?"

बायकोने मान वळवली नाही. तिने फक्त आपल्या हाताकडे पाहिलं. मग तो हात पदराखाली दडवला. "बोटं किती गार लागली हो..." ती पुटपुटली.

मी गाडी वळवली. काय वेगाने आणली ते विचारू नका. दारात आलो तशी मुलगी टुणकन उतरली आणि हसत माझ्या कमरेला बिलगली. नाडीवाला वाकून बघत होता. "अरे वा! सरळ झाली की! चढावर मोकळी झाली असेल स्प्रिंग. घ्या, दादा, डोळे मिटून घ्या."

पण मालक पुढे झाला आणि त्याने माझ्या हातातून किल्ली काढून घेतली. "विकायची नाही आता," तो म्हणाला.

आतून त्याची बायको धावत आली होती. तिने मागचं डावं दार उघडलं आणि सीटवरून तळहात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मग आमच्याकडे वळली.

"तुमच्याकडे पंप होता?"

"होता..." माझी बायको म्हणाली.

"आम्ही घरी विसरलो होतो," ती म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसली.

झालं. आम्ही टॅक्सीने घरी आलो.

आता तुम्ही विचारणारच, यात मी काय घुसडलं? सांगतो. एवढंच घुसडलं, की मुलगी टुणकन उतरली. ती उतरली नाही. सीटच्या मधोमध ताठ बसून होती, डोळे उघडे. मी उचलून बाहेर काढली. रोज खांद्यावर घेतो ती पोर मी, तिचं वजन काय मला ठाऊक नाही? दाराच्या बाहेर येईपर्यंत माझे गुडघे वाकले.

बाकी सगळं छान आहे. त्या दिवसापासून तिला एकदाही धाप लागलेली नाही. डॉक्टर खूश आहेत, सासूबाई श्रेय आपल्या काढ्याला देतात. पंप मात्र अजूनही पूर्वीसारखाच लवकर संपतो.

परवा दुपारी पोर झोपली होती, मी उशाशी बसलो होतो. तिने श्वास सोडला. छाती हळूहळू खाली गेली. आणि ती खाली जात असतानाच, अगदी तिच्या तोंडाजवळून, कोणीतरी श्वास आत घेतला.